लुचीच्या गळ्यातली चतुर्थी

“आई, दोनच गोष्टी. जखमेला काही लावायचं नाही आणि तिला ती चाटू द्यायची नाही. शनिवारी डॉक्टरकडे न्यायचं. प्रॉमिस?”

चैत्रालीने दारात बूट चढवताना हे सांगितलं आणि उज्ज्वलाताईंनी नेहमीच्या हलक्या आवाजात “दिला शब्द” म्हटलं. लेक ट्रेनिंगला दुर्गापूरला गेली, ती रविवारी येणार होती. मागे राहिली लुची. मैद्याच्या पुरीला बंगालीत लुची म्हणतात, आणि ही मांजर तशीच पांढरी नि टम्म फुगलेली. तिच्या मागच्या मांडीवर आठ आण्याएवढी जागा लालसर, बिनकेसांची झाली होती.

शब्द पाळण्याच्या बाबतीत उज्ज्वलाताईंचा हात धरणारं कोलकात्याच्या उभ्या बालीगंजमध्ये कोणी नव्हतं. आंघोळीपासून नैवेद्यापर्यंत मौन, हा नेम त्यांनी अकरा वर्षांत एकदाही मोडला नव्हता. मध्ये एकदा भूकंपाचा धक्का बसला, तेव्हाही त्यांनी यजमानांना, म्हणजे श्यामरावांना, खुणेनेच चार जिने उतरवलं होतं. तिथे चार दिवस एक मांजर सांभाळायचं म्हणजे काय मोठंसं!

गुरुवारी सकाळी मात्र त्यांच्या मनाने जरा वाट काढली. काही लावायचं नाही म्हणजे औषध लावायचं नाही. हळद थोडीच औषध असते? हळद तर देवालाही वाहतात. मग कोरडी हळद राहीना, म्हणून निरांजनासाठी कढवलेल्या साजूक तुपात ती कालवली, लुचीच्या मांडीवर हळूच लेप दिला आणि आंघोळ करून त्या समाधानाने पूजेला बसल्या.

लुचीला आजवर या घरात मिळाली होती ती श्यामरावांनी बाल्कनीतल्या वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात उकडलेली मासळी. साजूक तुपाशी तिची गाठ कधी पडली नव्हती. ती त्या दिवशी पडली. तिने पाय आकाशाकडे केला आणि मन लावून मांडी चाटायला सुरुवात केली.

उज्ज्वलाताईंच्या हातातली माळ थांबली. श्यामराव खुर्चीत पेपर वाचत होते. ताईंनी टाळी वाजवून त्यांचं लक्ष वेधलं आणि मांजर चाटतंय हे सांगण्यासाठी आपली जीभ बाहेर काढून दाखवली.

जन्म कोलकात्यात गेलेल्या माणसाला बाहेर काढलेली जीभ दिसली की एकच गोष्ट आठवते, कालीमाता. “कालीघाट? आत्ता?” श्यामरावांनी विचारलं.

ताईंनी जोरजोरात मान हलवली आणि आपल्या मांडीवर चापट्या मारल्या.

“पाय दुखतोय होय. मग टॅक्सीनेच जाऊ.” ते उठून टॅक्सीला फोन लावू लागले.

तिकडे लेप संपून आता खालची कातडी चाटली जात होती. लुचीची जीभ म्हणजे किसणीच. ताईंनी देवाकडे बघितलं, लुचीकडे बघितलं, आणि अकरा वर्षांचं मौन मोडलं.

“अहो, मांजर!”

श्यामरावांच्या हातातून फोन पडला. लुची कपाटावर चढली. आठ आणे होते तिथे आता दोन रुपयांएवढी ओली, लालभडक जखम होती आणि भोवती हळदीचं पिवळंजर्द कडं. ताईंना घाम फुटला. जखम चिघळली तर? पाय गेला तर? आणि आपण लावलं काय, तर देवाचं तूप!

दवाखान्यात फोन केला. शनिवारच्या आधी जागा नाही, तोवर मानेभोवती पुठ्ठ्याची कॉलर बांधा, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. हे काम श्यामरावांनी उत्साहाने अंगावर घेतलं. संदेश मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, कडा टोचू नयेत म्हणून वरून कागद चिकटवला, आणि नरसाळ्यासारखी कॉलर लुचीच्या गळ्यात बसवली. लुचीने दोनदा भिंतीवर धडक मारली, तिसऱ्यांदा दार सापडलं आणि ती उलटी चालत घराबाहेर पडली.

दुपारभर दोघांनी गच्ची, जिने, गॅरेज सगळं पालथं घातलं. लुची नाही. ताईंचा उपासही होता, त्या दिवशी संकष्टी. संध्याकाळी थकून त्या चंद्रोदयाची वेळ बघायला भिंतीपाशी गेल्या. मराठी कॅलेंडरमध्ये छापलेली मुंबईची वेळ, त्यातून तासाभराहून जरा जास्तच वजा केलं की कोलकात्याचा चंद्र, हा त्यांचा सव्वीस वर्षांचा हिशोब. पण भिंतीवर थेट पुढचा महिना लटकत होता.

“जुनं पान समजून फाडलं,” श्यामराव पुटपुटले. “चष्मा नव्हता डोळ्यांवर.”

श्रावण लुचीच्या गळ्यात होता.

इतक्यात शेजारच्या बंगाली मावशींचा, माशिमांचा, फोन आला. त्या घाबरल्या होत्या. तुमची मांजर माझ्या पलंगाखाली बसली आहे, अर्धं अंग पिवळं आहे, तिला कावीळ झाली आहे की हा तुमच्या लोकांचा काही विधी आहे? गळ्यात गणपतीचं चित्र आहे, म्हणून मी हात लावला नाही, नमस्कार तेवढा केला.

ताई धावत गेल्या. पलंगाखाली दोन डोळे चमकत होते. कॉलर एका बाजूने फाटली होती आणि त्या फटीतून लुचीची जीभ पुन्हा कामाला लागली होती. ताई फरशीवर पालथ्या झाल्या. लुचीच्या हनुवटीखाली चतुर्थीचा चौकोन अगदी स्पष्ट वाचता येत होता, पण त्यांचं लक्ष होतं जखमेकडे. ती आणखी वाढली होती.

तिथेच, जळमटं डोक्यावर घेऊन, त्या हळूच बोलल्या, “गणराया, चुकी माझी आहे, हिची नाही. रविवारपर्यंत ही जखम सुकू दे. दुसऱ्याच दिवशी मी माझ्या हाताने बाजारातून हिच्यासाठी मासे आणीन.”

मागे उभे असलेले श्यामराव चपापले. सव्वीस वर्षं ही बाई मासळीबाजार आला की पदर नाकाला लावून पलीकडच्या फुटपाथवर जात होती.

लुचीला टॉवेलात गुंडाळून घरी आणलं. ती रात्र आणि पुढचा दिवस दोघांनी आळीपाळीने तिला मांडीवर धरलं. चैत्रालीचा फोन आला की ताई कसनुशा आवाजात “आहे, बरी आहे” म्हणत आणि फोन श्यामरावांकडे देत.

शनिवारी डॉक्टरबाईंनी जखम धुतली, वास घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या. हे तूप कोणी लावलं? श्यामराव छताकडे बघू लागले. ताई म्हणाल्या, “मी.” डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. पिसू चावून उठलेली साधी गोष्ट होती म्हणाल्या, चाटून वाढली. इंजेक्शन दिलं, मलम दिलं आणि प्लास्टिकची खरी कॉलर दिली.

रविवारी संध्याकाळी चैत्राली आली तेव्हा जखमेवर कोरडी खपली धरली होती.

“छान सुकलीय की. तू काही लावलं नव्हतंस ना, आई?”

लुची कॉलरच्या नरसाळ्यातून ताईंकडे रोखून बघत होती. ताईंनी सगळं सांगून टाकलं. हळद, तूप, जीभ, कालीघाट, सगळं. चैत्राली आधी रागावली, मग हसता हसता जमिनीवर बसली, आणि मग तिने आईचा हात हातात घेतला. “पिवळी लुची,” ती म्हणाली. “फोटो तरी काढायचा.”

झोपताना ताईंच्या लक्षात आलं. रविवारनंतर सोमवार येतो आणि तो श्रावणी सोमवार आहे. नवस बोलताना पुढे कॅलेंडर होतं, तरी हे सुचलं नव्हतं! शिवाय मोडलेल्या मौनाचं प्रायश्चित्त म्हणून सोमवारी दिवसभर बोलायचं नाही, असं त्या शुक्रवारीच ठरवून बसल्या होत्या.

सकाळी श्यामरावांनी पिशवी मागितली. “मी आणतो ना. देवाला काय कळतंय कोण गेलं ते.”

ताईंनी मान हलवली. फाटक्या कॉलरचा एक तुकडा घेतला, पुठ्ठ्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला आपल्या तोडक्यामोडक्या बंगालीत लिहिलं: ‘मांजरीसाठी, लहान मासे, साफ करून. मी आज बोलत नाही.’ चिठ्ठी कमरेला खोचली, वेगळी पिशवी घेतली, पदर नाकाला लावला, आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.