मोटारीला शाल

बाळांनो, सरसावून बसा. नाकं पुसा. एका जंगलात, फार वर, जिथे हिवाळ्यात शिंक आली तर ती गोठून पायावर पडते, तिथे एक मोठं तळं होतं.

तळ्याच्या अलीकडच्या काठावर ऊन असे. पलीकडचा काठ डोंगराच्या सावलीत. हिवाळाभर तिथे सूर्य फिरकत नसे, आणि काठाकाठाने येणारी वाट बर्फात बुजून जाई. म्हणून कडाका पडायच्या आत पलीकडच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना नावेतून अलीकडे आणायची रीत होती.

यंदा पलीकडे एकच म्हातारी उरली होती. आबासाहेब अस्वलाची आई.

आबासाहेब नौका समितीचे अध्यक्ष होते. अस्वलं हिवाळ्यात झोपतात, असं तुमच्या पुस्तकात लिहिलंय. खरं आहे ते. पण आबासाहेबांना भाषणं असत, म्हणून ते जागे राहत. झोपत बाकीचे.

त्या वर्षी समितीने नावेला मोटार आणली. नावेच्या मागे अडकवतात, दोरी ओढली की सुरू होते आणि खाली पाण्यात पंखा फिरतो, तसली. त्या आनंदात आबासाहेबांनी जुन्या वल्ह्यांची होळी केली. टाळ्या पडल्या. जाळही छान झाला.

मोटार विकणाऱ्या हंसाने जाताना एकच गोष्ट बजावली होती. "ही पोटात पाणी घेऊन गार राहते. थंडीत काम झालं, की नाव काठावर ओढा आणि मोटार सरळ खाली सोडा. पाणी आपोआप गळून जाईल. मग दोरी एकदोनदा हलकेच ओढा, राहिलेलं निघेल. तिरकी वर करून ठेवलीत तर पाणी आत राहील, त्याचा बर्फ होईल, बर्फ फुगेल आणि मोटार फुटेल."

आबासाहेबांना हे पटलं. इतकं पटलं, की त्यांनी त्यावर जाहीर व्याख्यानच ठेवलं.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी आबासाहेब आणि चिटणीस साळिंदर तळ्यात फेऱ्या मारत होते. आबासाहेबांची बायको सुभद्राबाई काठावरून ओरडल्या, "अहो, नुसते काय गोल फिरताय? तसेच पलीकडे जा आणि आईंना घेऊन या. आभाळ किती निरभ्र झालंय बघा. आज कडाका पडणार."

"उद्घाटनाआधी प्रवासी घेता येत नाही," आबासाहेब म्हणाले. "आणि पहिल्याच फेरीत स्वतःच्या आईला बसवलं तर चारचौघांत काय दिसेल? उद्या आणतो."

मग नाव काठावर ओढली. मोटार तिरकी वर केली, म्हणजे शेवटच्या रांगेलाही दिसावी. पंख्याला हार घातला. प्रमुख पाहुणे गरुड थंडीमुळे आले नव्हते. अख्ख्या जंगलात अक्कल तेवढी त्यांनाच होती. त्यांची शाल उरली, ती मोटारीच्या खांद्यावर टाकली.

व्याख्यानाचा विषय होता, 'थंडीत मोटारीची काळजी'.

"पाणी काढा!" आबासाहेब गरजले.

"पाणी काढा!" सभा गरजली.

आबासाहेबांच्या पाठीमागेच मोटार शेपूट वर करून पडली होती. तिच्या पोटात सकाळचं पाणी तसंच होतं.

"अहो," सुभद्राबाई पुढच्या रांगेतून म्हणाल्या, "बोलता बोलता ती तेवढी खाली करा ना."

"वहिनी, प्रात्यक्षिक शेवटी आहे," साळिंदर म्हणाला. त्याने पाठीवरचा एक काटा उपटून त्यांचा व्यत्यय टिपून घेतला.

आबासाहेबांनी पाण्याचा इतिहास सांगितला. बर्फाचा सांगितला. मग स्वतःच्या बालपणावर आले, आणि आईने आपल्याला थंडीत कसं पोटाशी धरलं ते त्यांनी दोनदा सांगितलं. तोवर ऊन गेलं. वेळेअभावी प्रात्यक्षिक रद्द झालं. आभार मात्र सविस्तर मानले गेले.

सकाळी आबासाहेबांनी दोरी ओढली. ती हलेना. अस्वलच ते, अंगातला सगळा जोर लावून त्यांनी हिसका दिला. कट्‌! आतलं पाणी फिरवणारं रबरी चाक बर्फात अडकलं होतं, ते तुटलं. खालचं कवच तर रात्रीच तडकलं होतं.

पलीकडून हाक आली. "आबाऽ, निघालास का रे?"

"निघालोच, आई!" आबासाहेब ओरडले आणि समितीची तातडीची बैठक बोलावली.

बैठकीत मोटारीला थंडी बाधली असं ठरलं. घरोघरच्या शाली, घोंगड्या, गोधड्या जमा झाल्या आणि मोटारीवर रचल्या गेल्या. बाळांनो, बर्फवाला लादी गोणपाटात का गुंडाळतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. वितळू नये म्हणून. समितीलाही ते ठाऊक होतं. पण एवढ्या शाली आल्यावर परत कशा करायच्या? मला अजून या लोकांची चीड येते.

रोज पलीकडून हाक येई. रोज आबासाहेब "निघालोच!" म्हणत. हाक बारीक होत गेली. एका सकाळी ती आलीच नाही. सुभद्राबाई काठावर जाऊन उभ्या राहिल्या, त्या दिवसभर हलल्या नाहीत.

तळं एव्हाना काठोकाठ गोठलं होतं. संध्याकाळी त्या पांढऱ्या बर्फावर एक काळा ठिपका दिसला. म्हातारी चालत येत होती. चार पावलं टाकायची, बसायची, पुन्हा उठायची.

काठाला लागली तेव्हा तिच्या अंगावरचे केस कडक झाले होते आणि दातखीळ बसायची बाकी होती. तिने लेकाकडे पाहिलं. मग शालींच्या ढिगाकडे पाहिलं.

"कोण रे ते आजारी?" तिने विचारलं.



आबासाहेबांचा हात आपसूक वरच्या शालीकडे गेला.

"साहेब, ती समितीची आहे," साळिंदर हळूच म्हणाला. "ठराव लागेल."

आबासाहेबांनी हात मागे घेतला.

सुभद्राबाईंनी सासूला पोटाशी धरलं आणि घरी नेलं. मागे साळिंदर लिहीत होता : समितीच्या अथक प्रयत्नांनी सर्व ज्येष्ठ सुखरूप अलीकडे पोचले.

तात्पर्य : बाळांनो, म्हातारपणी ऊब हवी असेल तर कुणाची आई होऊ नका. मोटार व्हा, आणि उद्घाटनानंतर लगेच बंद पडा.