पेढ्यातली गोळी

सुबोध परुळेकरने त्या रविवारी ठरवलं की दादूला जंताची गोळी आत्ताच द्यायची, आणि ती आपण स्वतः द्यायची. त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं. उलट चेतनाने, म्हणजे त्याच्या बायकोने, आदल्या दिवशीच बजावलं होतं, "गोळीचं मी बघते. पाहुणे गेले की देईन. तू फक्त पंखे पूस." पण पंखे पुसून झाले होते, पाहुणे यायला अवकाश होता, आणि सुबोधला रिकामं बसवत नाही. (तो रिकामा बसला तर बरं, असं घरातल्या सगळ्यांचं मत आहे. पण त्याला ते कोणी तोंडावर सांगत नाही. चेतना सांगते.)

पाहुणेही साधेसुधे नव्हते. सुबोधची धाकटी बहीण शीतल आणि तिच्याच ऑफिसातला अनिरुद्ध गुळवे यांचं जमलं होतं, आणि अनिरुद्धचे आईवडील मुलुंडहून नाहूरच्या या घरी पहिल्यांदाच यायचे होते. अनिरुद्धने आधीच कानावर घातलं होतं, "बाबा तसे शांत आहेत, पण एकदा त्यांच्या मनातून माणूस उतरला की उतरला." तेव्हापासून शीतल सकाळ-संध्याकाळ एकच वाक्य म्हणत होती, "दादा, तू प्लीज कमी बोल."

आता दादूविषयी. दादू म्हणजे भांडुपच्या मासळी बाजाराबाहेर सापडलेला तपकिरी गावठी कुत्रा. पिल्लू असताना तो पिशवीत मावला होता, आता सोफ्यावर मावत नाही. त्याचं नाव सुबोधच्या आईने, शेवंतीबाईंनी ठेवलं. त्यामुळे शीतलने "दादा" अशी हाक मारली की कुत्रा आणि भाऊ दोघेही येतात, आणि कुत्रा आधी पोचतो. दादू मोजे खातो, साबण खातो, एकदा त्याने रिमोटची बटणं खाल्ली होती. फक्त गोळी खात नाही. घरातला दुसरा प्राणी म्हणजे मांजर शकु. ती फ्रिजवर राहते आणि तिथून या कुटुंबाकडे बघते.

सुबोधने आधी गोळी भाकरीत घालून दिली. दादूने भाकरी खाल्ली आणि गोळी त्याच्या पायाशी आणून ठेवली. मग उकडलेल्या अंड्यात. अंडं गेलं, गोळी परत आली, आता जरा ओली होऊन. मग कालच्या बांगड्याच्या तुकड्यात. तेव्हा तर दादूने मासा इतका सफाईने सोलून खाल्ला की शेवंतीबाई कौतुकाने म्हणाल्या, "बघ, काटोसुद्धा बाजूक काढता. तुका येणा नाय."

हे सुबोधला लागलं. त्याची नजर ओट्यावरच्या पेढ्यांच्या बॉक्सवर गेली. त्याने हळूच एक पेढा उचलला, मधे चिरला, गोळी आत दाबली आणि पुन्हा वळला. पेढा थोडा वाकडा झाला, वर त्याच्या अंगठ्याचा खड्डा पडला. पण दादू काही आकार बघून खाणार नव्हता. सुबोध खाली वाकणार, तेवढ्यात बेल वाजली आणि दादू भुंकत दाराकडे धावला. सुबोधने पेढा एका वाटीत ठेवला, हात पुसले आणि तोही धावला.

गुळवेकाका उंचेपुरे, भारदस्त, निवृत्त झालेले गृहस्थ होते. काकू ठेंगण्या, डोळे तीक्ष्ण. त्यांच्या मागे अनिरुद्ध, परीक्षेला आल्यासारखा चेहरा करून. दादूने तिघांचा वास घेतला, काकांना पास केलं आणि ते सोफ्यावर बसताच त्यांच्या पायाशी, टीपॉयखाली जाऊन पसरला.

"कुत्र्याची भीती नाही ना वाटत, काका?" सुबोधने विचारलं.

"छे, बसू दे त्याला," काका म्हणाले.

शकु फ्रिजवरून उतरली, सरळ काकूंच्या मांडीवर चढली आणि डोळे मिटून घेतले. ती सुबोधच्या मांडीवर आजवर एकदाही बसलेली नाही. काकू विरघळल्या. "अगं बाई, किती गोड," म्हणत त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. शीतलच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला सुबोधला लांबूनही दिसला.

चेतना पोहे आणि पेढ्यांची ताटली घेऊन आली. काकांनी पोहे घेतले, तारीफ केली आणि मग चेतनाच्या आग्रहाखातर पेढा उचलला. वाकडा पेढा. वर अंगठ्याचा खड्डा असलेला.

"काका, तो…" सुबोध म्हणाला.

"काय?" पेढा हातात धरून काकांनी विचारलं.

सगळ्यांनी सुबोधकडे बघितलं. शीतलने तर कमी बोल म्हणणाऱ्या डोळ्यांनी बघितलं.

"तो… छान आहे," सुबोध म्हणाला आणि स्वयंपाकघरात पळाला.

वाटी रिकामी होती. मागोमाग आलेल्या चेतनाला त्याने दबक्या आवाजात विचारलं, "इथला पेढा कुठे गेला?"

"ताटलीत ठेवला. एकटाच वाटीत कशाला पडला होता?"

सुबोध उलट पावली बाहेर आला. काकांचा हात रिकामा होता आणि ते रुमालाने बोटं पुसत होते.

त्यानंतर सुबोधला एका जागी बसवेना. तो बसला, उठला, पंखा एकने वाढवला, पुन्हा कमी केला, मग "जरा फोन आला" असं म्हणून बाल्कनीत गेला. (फोन वाजला नव्हता. हे सगळ्यांना माहीत होतं.) तिथून त्याने दादूच्या डॉक्टर जान्हवीमॅडमना फोन लावला.

"मॅडम, सुबोध बोलतोय, दादूचे बाबा. दादूची जंताची गोळी चुकून दुसऱ्यानेच खाल्ली."

"शकुने?"

"नाही. जरा मोठं आहे."

"वजन किती असेल?"

सुबोधने काचेतून आत बघितलं. "ऐंशीच्या वर."

"ऐंशी किलो? ब्रीड कुठली आहे?"

"मुलुंडचे आहेत."

मग जान्हवीमॅडमनी सावकाश विचारलं, "सुबोध, माणूस आहे का?"

"हो. बहिणीचे होणारे सासरे आहेत. व्हायची शक्यता होती."

"हे बघा, मी जनावरांची डॉक्टर. बहुतेक काही होणार नाही, पण माणसांचं मी ठामपणे सांगू शकत नाही. त्यांना लिव्हरचा त्रास, ॲलर्जी, चालू असलेली औषधं असं काही असेल, तर त्यांच्या डॉक्टरला लगेच विचारायला हवं. आणि आधी त्यांना सांगा."

"सांगायलाच पाहिजे?"

"मग काय, ते भुंकायला लागण्याची वाट बघताय?"

सुबोध आत आला. त्याच्या मनात असं आलं की आधी आडून आडून माहिती काढावी. लिव्हर ठणठणीत निघालं तर सांगायची वेळच येणार नाही. आयुष्यातल्या बऱ्याच चुका त्याने असाच विचार करून केलेल्या आहेत.

"काका," त्याने सुरुवात केली, "तब्येत कशी असते एकूण?"

"उत्तम."

"म्हणजे पोट वगैरे?"

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "पोटही उत्तम."

"आणि लिव्हर?"

चेतनाने डोळे मिटले. काकू म्हणाल्या, "लिव्हरचं का विचारताय? आमच्याकडे कोणी दारूला शिवत नाही."

"नाही हो काकू, सहज. ॲलर्जी? काही गोळ्या चालू? घराण्यात कोणाला?"

"दादा," शीतल म्हणाली. टीपॉयखालून दादूने शेपटी आपटली.

काकांची पाठ ताठ झाली. "सुबोधराव, तुम्हाला आमच्या घराण्याचे मेडिकल रिपोर्ट हवे असतील तर तसं स्पष्ट सांगा. आमची लपवाछपवी नाही. पण पहिल्याच भेटीत असं कोणी विचारत नाही."

"बाबा, त्यांच्या मनात तसं नसेल," अनिरुद्ध म्हणाला.

"मग कसं आहे?" काका म्हणाले. सुबोध उठला आणि त्याने पंखा पुन्हा एकने वाढवला. ते आणखी वाईट दिसलं.

काका उठले. "चला, निघू या."

शीतलचे डोळे भरून आले. ती रडणारी मुलगी नाही. या भावंडांचे बाबा वारले तेव्हाही तिनेच सगळ्यांना चहा करून दिला होता. काका दारापर्यंत पोचले, चपलाही त्यांनी घातल्या, पण काकूंना उठता येईना, कारण मांडीवर शकु गाढ झोपली होती आणि तिने नखं साडीत रुतवली होती.

"अहो, थांबा जरा," काकू म्हणाल्या. "हिला कशी उठवू?"

शकु मिळवून देत होती तेवढाच वेळ हातात होता. सुबोध दारात काकांच्या समोर जाऊन उभा राहिला.

"काका, माझं चुकलं. तुमच्या घराण्याबद्दल मला काही शंका नाही. तुम्ही जो पेढा खाल्लात ना, वाकडा, त्यात कुत्र्याची जंताची गोळी होती. मी दादूसाठी घातली होती. त्याबद्दल शीतलला काही माहीत नव्हतं, चेतनाला नव्हतं, कोणालाच नव्हतं. गाढवपणा सगळा माझा एकट्याचा आहे. डॉक्टरांना फोन केला, त्या म्हणाल्या बहुतेक काही होणार नाही, पण लिव्हरचं विचारा. म्हणून विचारलं. तुम्ही मला काय हवं ते बोला, पण आधी तुमच्या डॉक्टरला फोन करा. आणि शीतलवर राग धरू नका."

मग आतून शेवंतीबाईंचा आवाज आला, "तरी म्हटलंय, गोळी खंय गेली."

सगळ्यांना वाटलं, आता काका फुटणार. पण काका अवघडून दाराच्या चौकटीकडे बघत होते. बोलल्या त्या काकू, आणि त्या सुबोधशी बोलल्याच नाहीत.

"तुम्ही पेढा खाल्लात?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. "गाडीत काय सांगितलं होतं मी? शुगर किती आलीये परवा? पोट उत्तम म्हणे."

"नाही खाल्ला गं," काका म्हणाले.

"हातात होता. मी पाहिला."

"हातात होता. इथल्या सूनबाई आग्रह करत होत्या, नाही कसं म्हणणार? तोंडाजवळ नेला तर तू अशी बघत होतीस." मग खाली मान घालून म्हणाले, "खाली हा बसला होता. त्याला दिला."

सगळ्यांनी टीपॉयखाली बघितलं. दादूने मिशा चाटल्या.

"त्याने गोळी थुंकली असणार," सुबोध म्हणाला. "तो नेहमी थुंकतो."

मग जे झालं ते नाहूरमधल्या कुठल्याही बैठकीत आजवर झालं नसेल. अनिरुद्धने टीपॉय उचलून बाजूला केला. शीतल सोफ्याखाली मोबाईलचा टॉर्च मारत पालथी झाली. चेतनाने गालिचा उलटला. काकांनी चपला काढल्या, गुडघे टेकले आणि टीव्हीच्या स्टँडमागे हात घालून बघितलं. काकूंना मांजरीमुळे हलता येत नव्हतं, म्हणून त्या बसल्या जागेवरून "तिकडे पडद्याखाली बघा, अनी, तुझ्या उजवीकडे" असं सांगत होत्या. सोफ्याखाली मोजा, पेन आणि रिमोटचं एक बटण मिळालं. गोळी मिळाली नाही.

"गेली पोटात," काका गुडघ्यावर बसल्या बसल्याच म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता. दादूने त्यांचा कान चाटला. आधी काकू हसल्या, मग काका, मग सगळं घर हसायला लागलं. सुबोधही हसला, पण त्याच्या मनात बारीकसा सल राहिला, की आपण वाढवलेला कुत्रा आपल्या हातून भाकरी, अंडं आणि बांगडा तिन्हींतून गोळी बाहेर काढतो, आणि परक्या माणसाने दिलेली मुकाट गिळतो.

दुसऱ्यांदा चहा झाला. काकांनी बिनसाखरेचा घेतला. दादूला पुढची गोळी द्यायला मीच येईन, असं त्यांनी जाहीर केलं आणि बोलता बोलता साखरपुड्याचा महिनाही काढला. शकु स्वतःहून उठून फ्रिजवर गेली, तेव्हा कुठे मंडळी निघाली. चेतना त्यांना सोडायला खालपर्यंत गेली.

ती वर आली तेव्हा सुबोध सोफ्यावर पसरला होता. सकाळपासून पहिल्यांदाच त्याला बसवत होतं.

"काय म्हणाल्या काकू?" त्याने विचारलं. "माझ्याबद्दल काही बोलल्या का? खरं सांगून टाकलं त्याचं?"

"बोलल्या ना," चेतना म्हणाली. "लिफ्टमध्ये मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, सुबोधरावांना काही गोळी चालू आहे का."

"मग तू काय सांगितलंस?"

"चालू करायची आहे म्हटलं. कशात घालून द्यावी तेवढं कळत नाहीये."