एकही जवान न गमावता मिळालेलं स्वातंत्र्य

आमच्या अण्णांच्या टीव्हीवर आजवर कितीतरी देश स्वतंत्र झाले, पण लढाईत मेला मात्र कोणी नाही.

अण्णा म्हणजे माझे बसवनगुडीचे घरमालक. मराठीच, पण तीन पिढ्यांपासून बेंगळुरूत, कापडाचं दुकान होतं, वय ऐंशीच्या पुढे. मी पुण्याचा, नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत, राहतो त्यांच्या माडीवर. खोली देताना त्यांनी एकच विचारलं, लॅपटॉप टीव्हीला जोडता येतो का. तेव्हापासून दर रविवारी दुपारी त्यांच्याकडे युद्धपट लागतो, तोही कुठल्यातरी चिमुकल्या देशाचा. मोठे देश जिंकले तर त्यात काय विशेष, असं त्यांचं म्हणणं. "देश स्वल्प, पण छाती बघ," हे ठरलेलं वाक्य. तो देश नकाशात कुठे आहे हे विचारायचं नाही. त्याचं राष्ट्रगीत लागलं की गुडघे धरून उभे राहतात आणि मलाही उठवतात, हातातल्या चिवड्यासकट. मागच्या निवडणुकीत रांग मोठी म्हणून मत न देता घरी आलेला हा माणूस.

पडद्यावर खाली येणारी इंग्रजी अक्षरं अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, वाचता येत नाहीत. म्हणून अण्णा मोठ्याने मराठी करून सांगतात. नायक नायिकेच्या फार जवळ गेला की "हवापाण्याचं बोलताहेत." सेनापतीच्या लांबलचक भाषणाचं "सरी, ठीक आहे, निघा म्हणतोय" एवढंच होतं. आणि कोणी गोळी लागून पडला की "जखमी आहे. होईल बरा." अख्खी तुकडी उडाली तरी तेच. एकदा दफनभूमीतल्या क्रॉसच्या रांगा दिसल्या, तर म्हणाले, द्राक्षाच्या मळ्यातले खांब असतील.

मागच्या महिन्यात मात्र माझा पुणेरी स्वभाव उफाळून आला. पडद्यावर एक अधिकारी एका आईला पत्र वाचून दाखवत होता आणि अण्णांचं आपलं चालूच, "पोरगा जखमी आहे म्हणतोय." मी म्हटलं, "अण्णा, तो मेलाय. खाली स्वच्छ लिहिलंय."

अक्का शांतपणे म्हणाल्या, "नाही रे, जखमीच आहे. कॉफी न्यायला आत ये."

भिंतीवर लष्करी गणवेशातल्या तरुणाचा फोटो होता. तो मी दर रविवारी बघत आलो होतो, कोणाचा म्हणून कधी विचारलं नव्हतं. तो त्यांचा एकुलता एक मुलगा, हे अक्कांनी आत गेल्यावर सांगितलं.

"तार इंग्रजीत आली," फिल्टरमधलं डिकॉक्शन ओतत अक्का म्हणाल्या. "ह्यांनीच वाचून दाखवली. जखमी आहे म्हणाले, होईल बरा म्हणाले. आणि कागद लगेच घडी करून खिशात घातला, मला तेव्हाच कळलं. पण दोन दिवस मीही हो हो म्हणत राहिले. तेवढंच तर जमलं त्यांना माझ्यासाठी."

मला माझ्या शहाणपणाची लाज वाटली.

पुढच्या रविवारी अण्णा नुसतेच बघत बसले. नायक नायिकेच्या जवळ गेला तरी काही बोलले नाहीत. तासाभराने झेंडा घेतलेला एक पोरगा कोसळला. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं.

"जखमी आहे, अक्का," मी म्हणालो. "होईल बरा."

"होईल की," अण्णा म्हणाले, आणि खुर्ची अक्कांच्या जवळ ओढून पुढचं सांगू लागले.