७३९३९१३३, नारायण पेठ

निवृत्त झाल्यावर प्राध्यापक सीताराम खरे यांनी दारावरची नवराबायकोच्या नावांची पाटी उतरवली आणि तिथे पितळी आकडे बसवले: ७३९३९१३३. नाव वाचता येणारे लोक नारायण पेठेत फार झाले होते आणि त्यातला प्रत्येक जण बेल वाजवायचा.

समोरच्या पूर्णिमाताईंनी हे काय, असं विचारण्याची चूक केली.

"मूळ संख्या," खरे म्हणाले. "एक आणि ती स्वतः सोडून कशानेही भाग जात नाही. उजवीकडचा आकडा काढा, उरलेली संख्याही मूळ. असे एकेक काढत सातापर्यंत या, प्रत्येक वेळी मूळच. या जातीत हिच्याहून मोठी संख्या नाही."

"असेल. कुरिअरवाला या नंबरवर फोन लावत बसला होता. पार्सल माझ्याकडे ठेवलंय."

"फोन नंबर दहा आकडी असतो. मोजता येत असेल तर मोजायचं."

खरेंच्या पत्नी शालनबाई हे सारं सोसत होत्या. त्यांचं लक्ष पासपोर्टकडे होतं. लेक तनुजा टोरांटोला, तिचं बाळंतपण तोंडावर आलेलं. पण पासपोर्टऐवजी मोबाईलवर निरोप आला: अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाहीत, असा पोलिसांचा अहवाल आहे.

"अहो, पोलीस येऊन गेले का?"

"गणवेशातला एक जण आला होता. शालन खरे इथेच राहतात का, म्हणाला."

"मग?"

"मी विचारलं, दारावर तसं लिहिलंय का? नाही म्हणाला. मी दार लावून घेतलं."

शालनबाई तडक पासपोर्ट कार्यालयात गेल्या. तिथे त्यांनी चौकशी पुन्हा व्हावी म्हणून अर्ज केला, येताना एक छोटी पाटी करून आणली, स्क्रू काढून पहिला आकडा उतरवला आणि त्या जागी 'शालन खरे' पक्की चिकटवली.

वाचनालयातून परतलेले खरे दारातच थबकले.

"उजवीकडचा काढायचा होता, शालन."

"लोक डावीकडून वाचतात. नाव आधी दिसायला हवं."

"आता हिला अकराने भाग जातो."

"जाऊ दे की. कुणाला लागतोय?"

"पाटी जरा सरकव. सात परत लावतो."

"पोलीस येऊन जाईपर्यंत त्या पाटीला हात लावायचा नाही."

खरेंना जेवण गेलं नाही. एखादा जुना विद्यार्थी जिना चढून आला आणि त्याने तोंडी भागाकार केला तर? सकाळी त्यांनी स्वतःच उरलेले सातही आकडे उतरवले. आयुष्यभर ज्यांनी विद्यार्थ्यांची एक चूक खपवून घेतली नाही, त्यांच्या दारावर अकराच्या पाढ्यातलं काही राहणं शक्य नव्हतं.

दोन दिवसांनी तोच हवालदार आला. शालनबाई मंडईत गेल्या होत्या. लेकीचं बाळंतपण आठवून खरेंनी या वेळी जीभ आवरली.

"इथेच राहतात. येतीलच एवढ्यात. बसा ना."

हवालदार बसला नाही. पाटी वाचून त्याने समाधानाने मान हलवली आणि साक्षीदार म्हणून पूर्णिमाताईंना बोलावलं.

"शालन खरे इथेच राहतात?"

"तीस वर्षं. अतिशय सज्जन बाई."

"आणि हे गृहस्थ?"

पूर्णिमाताईंनी आधी सही केली. मग पेनाला टोपण लावत खरेंकडे नजर टाकली.

"असतात," त्या म्हणाल्या. "बाईंच्या सोबतीला."