लिंबाजी बप्पांचा निघायचा महिना

लिंबाजी बप्पांचा हिवाळ्यावर विश्वास नाही.

"हिवाळा म्हंजे नुसता देखावा," ते म्हणतात. "दुपारी ऊन दावतो आन् पहाटं मानूस गारठवून टाकतो. असल्याच्या भरवशावर घर सोडायचं का?"

उन्हाळ्याबद्दल त्यांचं मत याहून वाईट आहे. गेली चार वर्षं हा माणूस मोटारसायकलवर एकट्यानं हिमाचलात, चंब्याला जायचं म्हणतोय, आणि चार वर्षं निघायला योग्य ऋतू शोधतोय. दोन हजार किलोमीटरचा रस्ता, साठी ओलांडलेलं वय आणि गाडी बप्पांच्या तरुणपणातली. त्यामुळे ऋतू नीट बघून घ्यावा हे मलाही पटतं. पण वर्षात बारा महिने असतात आणि बप्पांनी त्यातले बरेचसे नापास केले होते.

चौसाळ्यात महामार्गाला लागून माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा, दाखले, परीक्षांचे फॉर्म, असली कामं. सकाळी दहाला शटर वर गेलं की बप्पा येतात, चपला बाहेर काढतात, स्टुलावर बसतात आणि म्हणतात, "लाव."

लाव म्हणजे हवामान लाव. इंदूर, कोटा, जयपूर, हिसार, अंबाला, पठाणकोट आणि शेवटी चंबा. मी वाचून दाखवतो. बप्पा डोळे मिटून ऐकतात आणि विचारतात, "कोन म्हनलं?"

"कॉम्प्युटर म्हणतोय, बप्पा."

"त्याला कोन म्हनलं?"

माझ्या दुकानात परीक्षेचा फॉर्म भरायला आलेली पोरं तोंड लपवून हसतात. मला मात्र हसू येत नाही. रोज सकाळी खोटारडा ठरायला कुणाला आवडेल?

यात बप्पांचा स्वभाव जितका आहे तितकाच धंदाही आहे. तीस वर्षं ते गावच्या डेअरीवर दूध तपासत होते. तीस वर्षं रोज दोन वेळा माणसं शपथा घेऊन सांगायची, "बप्पा, आईशप्पत, थेंबभर पानी न्हाई." आणि बप्पा लॅक्टोमीटर सोडायचे. तेव्हापासून त्यांना कुणीही काहीही सांगितलं तरी त्यांचा एकच सवाल असतो, "याच्यात पानी किती?" माझ्या मुलाला बारावीत चांगले गुण मिळाले तेव्हा मी पेढे घेऊन गेलो. बप्पांनी पेढा खाल्ला, गुणपत्रिका उन्हात धरून बघितली आणि हाच सवाल विचारला. मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

निवृत्त होताना लॅक्टोमीटर त्यांनी घरी आणला. प्रवासाच्या तयारीत एकदा त्यांनी तो पेट्रोलच्या बाटलीत सोडला. तो सरळ तळाला गेला.

"बग! कायतरी मिसळलंय!"

"बप्पा, पेट्रोल दुधापेक्षा हलकं असतंय."

"हे तुला पंपवाल्यानं सांगितलं आसंल."

ढाब्यावर एकदा पंजाबकडचा ट्रकवाला भेटला. जुनी माणसं बोलतात त्या दख्खनीत बप्पांनी त्याला वाटेची चौकशी केली. तो बिचारा म्हणाला, चाचा, दिवाळीनंतर निघा, तेव्हा सगळ्यात छान. बप्पांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "तुम कायकू बोल रहे? तुम्हारा क्या फायदा?" ट्रकवाला चहा अर्धा टाकून उठला.

मग पाटोद्याचा एक तरुण शिक्षक मी मुद्दाम गाठून आणला. तो मोटारसायकलवर थेट लडाखला जाऊन आलेला. त्यानं मोबाइलवर फोटो दाखवले. बप्पांनी बर्फाचा फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, "ह्यो बरफ हाय का युरिया?" तरीही त्या भल्या माणसानं न रागावता सांगितलं की मैदानातून जायला ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम, मार्चही चालेल, जुलै-ऑगस्ट मात्र चुकूनही नको, डोंगरात दरडी कोसळतात.

तो गेल्यावर बप्पा म्हणाले, "सगळी दुनिया एकाच महिन्याला चांगलं म्हनायली. म्हंजे कायतरी गडबड हाय."

अशा रीतीनं ऑक्टोबर-नोव्हेंबर गेले. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेला धुकं असतं, आणि धुकं म्हणजे कुणीतरी काहीतरी झाकायलंय. मार्चमध्ये होळी, अनोळखी मुलखात कोण डोळ्यांत काय फेकील याचा नेम नाही. एप्रिल-मेमध्ये लग्नसराई, रस्त्यात वराती, वरातीत पिलेले.

आता बप्पा जगावर संशय घेतात म्हटल्यावर गावानं बप्पांवर घ्यायला नको का? आमच्याकडे माणूस कारण न सांगता बीडला जाऊन आला तरी चर्चा होते, हा तर चंब्याला निघालेला. कुणी म्हणालं तिकडं दुसरं बिऱ्हाड आहे. कुणी म्हणालं नारायणगडावर एक साधू भेटला होता, त्यानं जडीबुटीचा पत्ता दिलाय. "मी देश बघायला चाललोय," असं बप्पा सांगायचे. माझं स्वतःचं मत असं होतं की यात पुष्कळ पाणी आहे.

त्याला कारणही होतं. सहा गावांच्या हवेवरून माझ्याशी भांडणारा हा माणूस सातव्या गावाला गप्प व्हायचा. चंब्याचं तापमान वाचलं की "कोन म्हनलं" नाही की काही नाही. फक्त हळूच विचारायचे, "थंडी लई हाय का रं तिथं?" स्वतःच्या घड्याळाची वेळ दुसऱ्याला विचारून खात्री करणारा माणूस चंब्याचं तापमान मुकाट मान्य करतो, हे मला खटकलं. एके दिवशी बप्पा रानात गेलेत असं बघून मी त्यांच्या घरी गेलो.

सुभद्राकाकू ओट्यावर शेंगा फोडत होत्या. मी आडून आडून विचारायला लागलो तर त्यांनी सरळच सांगितलं.

"कौशा आसती तिथं. त्यांची धाकटी भईन."

बप्पांना बहीण आहे हेच मला माहीत नव्हतं. मी या गावात आलो त्याच्या आधीची ही गोष्ट. कौशल्यानं बीडला नर्सिंगचा कोर्स केला, नोकरी लागून बाहेर गेली आणि बरोबर काम करणाऱ्या एका हिमाचली माणसाशी लग्न करून घरी सांगायला आली. बप्पा दारातच उभे राहिले. तिला म्हणाले, "गेलीस तर जा. या घरातून तुला आनायला कुनी येनार न्हाई."

"आन् तीबी ह्येंचीच भईन," काकू म्हणाल्या. "म्हनली, मग आनायला आल्याबिगर मीबी येनार न्हाई. बावीस वर्षं झाली. माझ्याशी फोनवर बोलती. ह्यांनी फोन घेतला की ठिवून देती."

मला बप्पांचा राग आला, अगदी मनापासून. बावीस वर्षं बहिणीला घराबाहेर ठेवायचं आणि आता कधी धुक्याचं, कधी होळीचं निमित्त काढत बसायचं! दुसऱ्या दिवशी ते स्टुलावर बसल्या बसल्या मी म्हणालो, "हवामान राहू द्या. विमानाचं बघतो. परवा बहिणीच्या दारात पोचताल."

बप्पांनी काकूंचं नाव घेऊन एक शिवी हासडली. मग म्हणाले, "मुराळी कधी इमानात बसून जातो का?"

सासरी गेलेल्या लेकीबाळींना नागपंचमीसाठी माहेरी आणायला जो भाऊ जातो, तो मुराळी. तो दारात दिसला की बाईनं पिशवी भरायची, अशी आमच्याकडची रीत.

"तिला बीडवरनं दर शनिवारी याच गाडीवर घेऊन यायचो मी," बप्पा म्हणाले. "मला बगून ती दार लावून घील. गाडीला बगून न्हाई लावनार."

"मग निघा की!"

"आन् लावलं तर?"

चार वर्षं मी समजत होतो की या माणसाचा ऋतूंवर विश्वास नाही. तो बहिणीच्या दाराला भीत होता. मला माझ्या रागाची लाज वाटली, आणि लाज वाटली की मी जास्तच खेकसतो. म्हणालो, "मग बसा इथंच. पुढचं हवामान वाचू का?"

ते उठून गेले आणि दोन-अडीच महिने दुकानात फिरकले नाहीत. मी रोज दहाला शटर उघडायचो आणि स्टुलाकडे बघायचो.

आषाढ सरता सरता आले. अंगावर रेनकोट, दुधाच्या दोन बरण्या गाडीला दोन्ही बाजूंनी बांधलेल्या, त्यात कपडे. जुलै-ऑगस्ट चुकूनही नको, हे वाक्य त्यांनी माझ्याइतकंच ऐकलं होतं.

"बप्पा, आत्ता? सगळीकडं पाऊस हाय. डोंगरात दरडी पडायल्यात."

"मुराळी दिवाळीला जाऊन काय करील बे? पंचमी आता हाय." त्यांनी माझ्याकडून मुक्कामांची यादी टाइप करून घेतली, प्रत छापली, चष्मा लावून दोनदा तपासली, खिशात घातली आणि गेले.

पुढचे दिवस मीच रोज सात गावांचं हवामान लावत होतो. वाचून झालं की माझं मलाच वाटायचं, कोण म्हणालं? काकू दोनदा येऊन स्टुलावर बसून गेल्या.

पंचमीच्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज होता, मराठी अडखळत येत होतं.

"तुमी दुकानवाले ना? मी कौशल्या. वैनीनं नंबर दिला. खरं सांगा, आमच्या दादाला काय आजार झालाय का?"

"नाही हो. ठणठणीत आहेत."

"मग जमिनीच्या कागदावर सही पायजे का?"

"नाही ताई."

"मग हा कावून आलाय?" आवाज चढला. "सकाळपासून फाटकापाशी पावसात उभा हाय. हातात एक कागद दिला, आन् आत ये म्हनलं तर म्हनतो, आधी तू पिशवी भर. मला खरं वाटना."

मी म्हणालो, "ताई, चार वर्षं ते रोज माझ्याकडून तुमच्या गावातली थंडी विचारून घेतायत."

पलीकडे पाऊस ऐकू येत होता. मग कागदाची घडी उलगडल्याचा आवाज.

"मग ही यादी अशी कावून?" ती आता माझ्याशी बोलत नव्हती. "इंदूर, कोटा, जयपूर, सगळं चंब्यापतूर लिव्हलंय. माघारी जायचे मुक्काम कुठं हायत, दादा?"

यादी मीच टाइप केली होती. चार वर्षं त्या माणसाच्या प्रत्येक शब्दावर संशय घेतला आणि हे एवढं माझ्या डोळ्यांना दिसलं नव्हतं.

लांबून बप्पांचा आवाज आला. "एकट्यानं माघारी जायला काय लिव्हायचं आसतं? आल्या वाटंनं जायचं."

मग एक फाटक करकरलं.

"राखीपुनवंला आजून दहा दिवस हायत," कौशल्या म्हणाली. "पेन दे हिकडं."