पंधरा-चाळीसचा घोळ

ट्रकमधलं जुनं तेल गुरुवारी दुपारी तीन वाजता बाहेर पडलं आणि नवं कोणतं घालायचं हे ठरून ते आत जायला शनिवारची सकाळ उजाडली. मधल्या वेळात वेल्डन ह्रिचाकने जे काही केलं ते त्याच्या मते पूर्ण विचार करून केलं होतं. म्हणूनच तर वाट लागली.

ट्रक डिझेलचा आणि तीस वर्षांचा. इतकी वर्षं त्याच्या पोटात पंधरा-चाळीस नंबरचं तेल जात आलं होतं आणि ट्रकने कधी तक्रार केली नव्हती. गुरुवारीही दोन कॅन फळीवर तयार होते. खाली परातीत काळं तेल गळत होतं, वेल्डन शीळ घालत होता, तेवढ्यात शेजारचा मर्विन शिडी परत करायला आला. शिडी ठेवून तो निघून गेला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती.

"पंधरा-चाळीस घालणार?" मर्विनने कॅन उचलून पाहिला.

"दर वर्षी तेच घालतो."

"शनिवारी उणे अडतीस सांगितलंय. आणि तू लव्होनला घेऊन डेलव्हर्नला निघणार. नाही, तुझं तू बघ. मी आपलं सहज बोललो."

मर्विन घरी जाऊन जेवला असेल. वेल्डन मात्र ताटावर आकडे मोजत बसला. तेलाचा पहिला आकडा थंडीचा. आकडा जितका लहान तितकं तेल गारठ्यात पातळ राहतं आणि इंजिन पटकन सुरू होतं. हे त्याला चाळीस वर्षं माहीत होतं, पण त्यावर विचार करायची वेळ कधी आली नव्हती.

आणि या शनिवारी ट्रक सुरू होणं भागच होतं. त्याची बायको लव्होन सत्तावीस वर्षं कर्लिंग खेळत होती. बर्फावरून जड दगड घसरवायचा हा खेळ. कॅनडातल्या सस्कॅचवनमध्ये हिवाळा त्याच्यावरच निघतो. लव्होन संघाची कप्तान, आणि तिचा संघ पहिल्यांदाच प्रांताच्या ज्येष्ठांच्या अंतिम सामन्यात पोचला होता. शनिवारी सकाळी दहाला, एकशे चाळीस किलोमीटरवरच्या डेलव्हर्नला. बाकीच्या तिघी शुक्रवारीच तिकडे मुक्कामाला जाणार होत्या आणि त्यांच्या गाडीत तिला जागाही होती. ती जागा लव्होनने नाकारली होती, कारण वेल्डन म्हणाला होता, "मी नेतो तुला. मी बघायला येतो." सत्तावीस वर्षांत त्याने तिचा एकही सामना पाहिला नव्हता. शनिवार म्हटला की ट्रकचं काहीतरी निघायचंच. त्यांची छोटी गाडी पंधरा दिवसांपासून मेकॅनिकच्या गॅरेजात एका सुट्या भागाची वाट पाहत पडून होती.

शुक्रवारी सकाळी वेल्डन गावातल्या सहकारी दुकानात गेला. तिथे तेलाच्या फळीपलीकडे एक लांब टेबल आहे आणि त्यावर गावातले निवृत्त पुरुष रोज नऊला कॉफी घेऊन बसतात. तिथे प्रश्न विचारू नये हे शहाण्या माणसाला कळतं. वेल्डनने विचारला.

"पाच-चाळीस," केरी म्हणाला. "आणि तेही सिंथेटिक, भारीतलं. दुसरं घातलंस तर इंजिन गेलं समज."

"जुन्या इंजिनात भारीतलं?" मर्विन म्हणाला. "इंजिनाची सगळी रबरी सीलं गळायला लागतील. शून्य-चाळीस घाल."

"शून्य म्हणजे पाणीच की रे," केरी म्हणाला. "मग नळाखालीच लाव ना ट्रक."

टेबलाच्या टोकाला इग्नेस पेरो बसला होता, वय चौऱ्याऐंशी. त्याने बशीत कप ठेवला. "नुसतं तीस," तो म्हणाला. "दोन-दोन आकडे ज्या दिवशी आले त्या दिवशी माणसांची अक्कल गेली."

नमनालाच घडाभर तेल जाऊन वाद अकरापर्यंत चालला. एक जण रागावून उठून गेला आणि रागातच परत आला. एक ना धड भाराभर चिंध्या घेऊन वेल्डन घरी गेला. मर्विनचं मुळीच ऐकायचं नाही, एवढं मात्र त्याने ठरवलं. जेवताना त्याने केरीचं पाच-चाळीस नक्की केलं आणि दोनला परत दुकानात आला. फळी रिकामी होती.

"पाच-चाळीस संपलं," काउंटरवरची डार्लीन म्हणाली. "शून्य-चाळीसही संपलं. त्या टेबलावरचे झाडून सगळे घेऊन गेले. काय बोललास तू त्यांना?"

आता उरले घरचे दोन कॅन. वेल्डन घरी आला तेव्हा लव्होन तिची खेळायची बुटं पिशवीत भरत होती.

"झालं का तेल?"

"होतंय."

"कालपासून होतंय. वेल्डन, माझ्या हातात दगड असतो तेव्हा मला अर्धं मिनिट मिळतं. बर्फ बघायचा, ठरवायचं, टाकायचा."

"दगडाला सीलं नसतात," वेल्डन म्हणाला. तिने पिशवीची चेन एका झटक्यात ओढली, आणि तेच त्याला जास्त लागलं.

मग त्याला एक युक्ती सुचली. पंधरा-चाळीस थंडीत घट्ट होतं, पण रात्रभर ऊबेत ठेवलं तर? त्याने विजेवर तापणारी गोधडी काढली, दोन्ही कॅन तिच्यात गुंडाळले, ते ट्रकशेजारी ठेवले आणि पिन लावली. घरच्या गॅरेजमध्ये एकच सॉकेट होता. त्यात आधीच लावलेली एक वायर त्याने काढून बाजूला ठेवली.

सकाळी सातला तेल मधासारखं ओघळलं. वेल्डनच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. त्याने झाकण लावलं, ट्रकमध्ये बसला आणि किल्ली फिरवली. इंजिन एकदा कण्हलं. दुसऱ्यांदा अर्धं कण्हलं. तिसऱ्यांदा नुसता खट्ट आवाज आला.

लव्होन संघाचं लाल जाकीट घालून दारात उभी होती. तिने जमिनीवर पडलेली वायर पाहिली. ती इंजिनाच्या हिटरची वायर होती. या भागात ती नोव्हेंबरमध्ये ट्रकला लागते आणि मार्चपर्यंत रोज रात्री लावायची असते, हे शाळेतल्या पोरालाही सांगावं लागत नाही.

"तेलाला पांघरूण घातलंस," ती म्हणाली, "आणि इंजिनाला उघडं ठेवलंस."

वेल्डनने मर्विनला फोन लावला. मर्विनने शुक्रवारच्या वादानंतर स्वतःच्या ट्रकचं तेल काढलं होतं आणि फिल्टर अजून निघत नव्हता. केरीचा ट्रक नवं तेल घालून उभा होता आणि खाली डबकं साचत होतं. कॉफीच्या टेबलावरचा प्रत्येक माणूस त्या सकाळी आपापल्या ट्रकखाली पाठीवर पडलेला होता. वेल्डन पायरीवर बसला. आपण एका प्रश्नाने अख्खं गाव बंद पाडलं, हे त्याला कळलं.

पावणेआठला इग्नेसचा पंचेचाळीस वर्षांचा ट्रक धूर सोडत दारात आला. लव्होननेच त्याला बोलावलं होतं.

"नुसतं तीस ना?" वेल्डनने काकुळतीने विचारलं. "तुमच्यात तेच आहे ना?"

"मला काय माहीत," इग्नेस म्हणाला. "तेल सून घालते. बसा दोघं. पुढे तिघं मावतात."

लव्होन आत बसली आणि दार उघडं धरून थांबली. वेल्डनने तिच्याकडे पाहिलं, मग उघड्या बॉनेटकडे पाहिलं. वायर आत्ताच लावली होती. बॅटरी काढून स्वयंपाकघरात चार्जरवर ठेवली होती.

"हा तासाभरात गरम होईल," तो म्हणाला. "तुम्ही व्हा पुढे. मी मागोमाग आलोच."

लव्होनने दार लावून घेतलं.

ट्रक अकराला सुरू झाला आणि इतका छान चालला की वेल्डनला त्याचा राग आला. तो डेलव्हर्नला पोचला तेव्हा लोक टोप्या घालून बाहेर पडत होते. लव्होनचा संघ शेवटच्या दगडावर जिंकला होता. वेल्डनसाठी राखलेल्या खुर्चीवर इग्नेस बसला होता, आणि म्हणे टाळ्या वाजवून त्याचे तळहात सुजले होते.

"अभिनंदन," वेल्डन म्हणाला.

"मी इग्नेसबरोबर परत जाते," लव्होन म्हणाली. "आणलंय त्याने, तर पोचवेलही."

सत्तर किलोमीटर वेल्डन पुढच्या ट्रकच्या मागच्या काचेतून तिच्या लाल टोपीकडे बघत होता. असं वाईट त्याला फार वर्षांत वाटलं नव्हतं. मग पेट्रोल पंपावर इग्नेस थांबला. लव्होन उतरली, चालत आली आणि वेल्डनच्या शेजारी येऊन बसली. तिचे ओठ निळे पडले होते.

"त्याचा हिटर चालत नाही," ती म्हणाली. "तेलाबद्दल एक शब्द काढलास तर परत जाईन."

वेल्डनने आपल्या ट्रकचा हिटर पूर्ण वाढवला. मग म्हणाला, "पहिल्या दगडापासून सांग."

तिने हातमोजे काढून हात हिटरसमोर धरले. मग तिने सांगायला सुरुवात केली, एकेक दगड, बर्फावर तो कुठे वळत होता, समोरची कप्तान कुठे चुकली. घर आलं तेव्हा सामना संपायला तीन दगड बाकी होते. वेल्डनने ट्रक दारात उभा केला, पण इंजिन बंद करायचं धाडस त्याला झालं नाही. शेवटचा दगड कुठे थांबला ते तिने त्याच्या डॅशबोर्डवर बोटाने दाखवलं आणि त्याने तो पाहिला.

"आता उतर," ती म्हणाली, "आणि आधी वायर लाव."