पावसाची फळी

"ओत्सुनेबाई, आज तरी पडला का हो पाऊस?" समोरच्या दुकानातून कांबेईने विचारलं आणि टांगलेल्या इरल्यांमागे तोंड लपवून तो खुदकन हसला.

आभाळ धुऊन वाळत घातलेल्या निळ्या कापडासारखं स्वच्छ. ओत्सुनेच्या चहाघराची बाकडी मात्र रिकामी. एदो शहरातल्या एका चित्रकाराने हमरस्त्यावरच्या मुक्कामांची चित्रं काढली, ती कोरलेल्या लाकडी फळ्यांनी छापून घरोघर गेली, आणि सुगिहारा गावाच्या वाट्याला नेमकी धो धो सर आली. तो आला त्या दुपारी पडली होती, तेवढीच! पण छापलेला पाऊस थांबतो थोडाच? वाटसरू गावात शिरले की आधी कांबेईकडून छत्री नाहीतर इरलं घेत आणि "सर यायच्या आत निघू" म्हणत पुढे पळत. ओत्सुनेचे डांगो, काडीला टोचून भाजलेले तांदळाच्या पिठाचे गोळे, काडीवरच वाळत. असंच चाललं तर नव्या वर्षाआधी चूल विझवून सुनेच्या दारी जावं लागणार होतं, आणि सुनेच्या हातचा चहा तिला ठाऊक होता.

डांगोंचा डबा घेऊन ती दोन दिवस चालत एदोला गेली आणि चित्रं छापणाऱ्या इहेईच्या उंबऱ्यात बसली.

"मालक, आमच्या गावावरचा पाऊस काढा."

"आजी, पावसाचं गाऱ्हाणं देवळात घालावं."

"देवाने केव्हाच थांबवलाय. पाडताय तुम्ही!"

कोपऱ्यात ठसे उठवणारा कारागीर तोवर डांगोची तिसरी काडी संपवत होता. "मालक, पावसाची फळी वेगळीच कोरलेली आहे. ती नाही दाबली की झालं. माझेही हात तेवढेच कमी दुखतील."

"बरं बाई," इहेई म्हणाला. "पण बाकी चित्र आहे तसंच राहील हं!"

"राहू दे की!" ओत्सुने म्हणाली.

नवी चित्रं निघाली. आभाळ लख्ख. पण चित्रातल्या माणसांना पाऊस थांबल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं! ती आपली कंबरेत वाकून, डोक्यावर बाह्या धरून जिवाच्या आकांताने पळतच होती. कांबेईच्या दारातून निघून थेट ओत्सुनेच्या चहाघरात.

"अरे, हे एवढे का पळतायत?" एदोच्या सार्वजनिक न्हाणीघरांतून चर्चा सुरू झाली.

"डांगो संपतील म्हणून!"

"आणि त्या दुकानातून का पळतायत?"

"ते मात्र विचारू नकोस."

झाडांची पानं लाल होईतो बाकड्यांवर जागा उरली नाही. घोडेवाल्यांनी तर गाणंच रचलं:

ढग नाही आभाळी, बाही कशाला कपाळी?
सुगिहाराचा डांगो उरत नाही संध्याकाळी!

कांबेईची मात्र एक छत्री विकली जाईना. लोक रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जात आणि लांबूनच विचारत, "काका, आत नेमकं आहे तरी काय?"

एका भर दुपारी त्याचा संताप अनावर झाला. मुठीत चित्र, उन्हासाठी डोक्यावर बाही, आणि दुखऱ्या कंबरेमुळे वाकलेला असा तो धावतच रस्ता ओलांडून आला. "ओत्सुनेबाई! आमचा पाऊस परत आणा!"

बाकड्यावरचे वाटसरू उभेच राहिले. "अगं बघ, चित्रातलाच माणूस!"

"अहो, दुकानाचा मालकसुद्धा पळाला!"

बघता बघता रांग पुलापर्यंत गेली.

ओत्सुने हसली नाही. सरकून तिने त्याला जागा दिली आणि एक गरम काडी पुढे केली. तीस वर्षं समोरासमोर दुकानं, पण त्याने तिचा डांगो कधी तोंडात घातला नव्हता. त्याने रागारागाने एक चावला. मग दुसरा, जरा सावकाश.

"उद्या जाते हो एदोला," ती हळूच म्हणाली. "सांगते, फळी दाबा म्हणून."

कांबेईने रांगेकडे पाहिलं, ताटली स्वतःकडे ओढली आणि तोंड भरलेलं असतानाच म्हणाला, "उद्या नको. उद्या यातलं काही शिल्लक ठेवा माझ्यासाठी."